छत्तीस हप्ते

कस्तुरा ज्योतीरामशी पहिल्यांदा बोलली ते वाक्य असं होतं — “जरा हात बघू तुमचा.”

आणि तेही कुठं, तर चिंचवड स्टेशनजवळच्या बँकेत, कर्जवाल्यांच्या बाकावर, दहा-अकरा माणसं टकामका बघत असताना.

त्यानं दचकून वळून पाहिलं. तेवीस-चोवीसची मुलगी. सावळी, तरतरीत, मांडीवर कॅनव्हासची फुगलेली पिशवी आणि कानामागं शिंप्याचा खडू.

“भविष्य बघता व्हय?”

“भविष्य नाही, बोटं बघते. लांब आहेत. उजवा द्या.”

आता एवढ्या ठामपणे कुणी मागितल्यावर माणूस देतोच. ज्योतीरामनंही दिला. कस्तुरानं बाकावर तपकिरी कागद पसरला, त्यावर त्याचा पंजा ठेवला आणि खडू करंगळीपासून फिरवायला लागली. खडूचं टोक बोटांच्या बेचक्यात उतरायचं, वर चढायचं… समोरचे एक आजोबा वहाणेतला खडा काढायचा विसरून बघत होते.

“गुदगुल्या होत्यात,” ज्योतीराम हळूच म्हणाला.

“हलू नका. हललात तर हातमोजा वाकडा होईल.”

झालं होतं असं. कस्तुराचे वडील, ज्ञानदेव ओव्हाळ, फाउंड्रीत कामाला. कंपनीचे हातमोजे फाटले की ते घरी आणायचे आणि कस्तुरा शिवून द्यायची. मग शेजारच्यांचे आले, मग त्यांच्या शिफ्टवाल्यांचे. दहा पैशाला जोडी. वर्षभरात ती जुने शिवता शिवता नवे करायला शिकली, आणि भोसरीतल्या एका कंपनीनं तिला पहिली ऑर्डर दिली, दोनशे जोड्यांची. ती सगळीच्या सगळी परत आली. कारण कस्तुरानं माप घेतलं होतं घरात जो हात होता त्याचं. आणि ज्ञानदेवांचा पंजा म्हणजे भाकरीएवढा रुंद, बोटं मात्र आखूड. बाकीच्यांची बोटं त्या मोज्यांत दोन पेरांवरच अडकली.

“म्हणजे दोनशे जोड्या वडलांच्याच झाल्या म्हणा की,” ज्योतीराम म्हणाला. “जन्मभर पुरतील.”

“हसा. तुमचं काय परत आलंय, ते सांगा.”

“माझं?” त्यानं मान खाली घातली. “माझा सगळा धंदाच परत आलता एकदा. सगळा पैसा घालून लेथ घेतली, आणि लेथवर लावायला लोखंड घ्यायला रुपाया न्हाई. चार महिने रोज मशीन पुसायचो नुसती. लई चकचकीत मशीन होती. आता दुसऱ्यांदा उभा राहिलोय, त्याचाच हप्ता भरायला आलोय.”

तो हे इतक्या सरळपणे म्हणाला की कस्तुराला हसायचं राहूनच गेलं. तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं.

*

बँकेचे मॅनेजर नानासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, आणि तेवढं करणारे त्या काळी फार नव्हते.

“सहा हजार मागताय. कागद चोख आहेत. पण एक विचारतो, राग मानू नका. तुमचं लग्न व्हायचंय. उद्या लग्न होऊन तुम्ही गेलात साताऱ्याला नाहीतर सोलापूरला, तर हप्ते कोणाकडं मागायचे? मशिनं वडील चालवणार?”

शहाण्या माणसानं यावर थोडा वेळ घेतला असता. कस्तुरा अजून शहाणी व्हायची होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“कोरा कागद द्या,” ती म्हणाली.

आणि शाळेतल्या उभ्या अक्षरात तिनं लिहिलं — ‘मी, कस्तुरा ज्ञानदेव ओव्हाळ, राहणार पिंपरी, लिहून देते की या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मी लग्न करणार नाही.’ खाली सही, तारीख.

“अहो, हे कुणी मागितलं नव्हतं,” नानासाहेब म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी तो कागद टाचणीनं फाइलला लावला.

बाहेर ज्योतीराम अजून होता. हप्ता भरून झाला होता, तरी होता.

“झालं काम?”

“झालं. लग्न करणार नाही म्हणून लिहून दिलं.”

“आँ? कवापर्यंत?”

“कर्ज फिटेपर्यंत. छत्तीस हप्ते.”

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा फाटकाबाहेरून जाणाऱ्या बसकडं. तोंडात नटबोल्ट अडकल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

“छत्तीस… म्हंजे तीन वर्सं,” तो म्हणाला. हिशेब बरोबर होता.

*

पुढच्या रविवारी तो पिंपरीत, ओव्हाळांच्या दारात उभा. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड.

“जयभीम. मी ज्योतीराम सरवदे. मूळ बार्शीचा. भोसरीत एका शेडच्या कोपऱ्यात माझी लेथ हाय.”

“जयभीम, या,” ज्ञानदेव म्हणाले आणि नजरेनंच बायकोला विचारलं, हे कोण? केसरबाईंनी नजरेनंच सांगितलं, मला काय ठाऊक, लेकीला विचारा.

गोणपाटातून निघाली पोलादी पट्टीची एक डाय. पंजाच्या आकाराची, कडेला धार लावलेली. त्यानं कॅनव्हासचे आठ थर एकावर एक मांडले, वर डाय ठेवली आणि लाकडी मोगरीचा एक दणका दिला. आठ पंजे एकदम सुटे झाले. कस्तुराला कात्रीनं तेवढ्याला पाऊण तास लागायचा, आणि संध्याकाळी अंगठ्याला फोड.

“हे माप कुणाचं?” तिनं विचारलं.

“माझंच. तुमी कागदावर काढलं तसंच मी पत्र्यावर काढलं घरी.” मग जरा थांबून… “मधलं माप धरा. लहान आणि मोठं तुमी गोळा करून द्या, त्याच्याबी डाया करतो.”

“किती पैसे?”

“ते… बगू की.”

“बघू नाही. आकडा सांगा. नाहीतर घेऊन जा.”

त्यानं आकडा सांगितला. तिनं तो पाटीवर लिहिला. मग त्यानं पाटीवरचं वरचं गणितही वाचलं. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या.

“कापड पंचाहत्तर पैसे, दोरा पाच, अंबुबाईची शिलाई वीस. झाला रुपाया. विकता एक रुपाया दहाला. बरोबर? मग कापायचं कोण करतं?”

“मी.”

“मापं घेणं, कापड आणणं, माल डोक्यावर घेऊन भोसरीला जाणं?”

“मीच की.”

“आणि तुमची मजुरी कुठं लिवलीय?”

कस्तुरा हसली. “माझी कशाला धरायची? मी काय परकी आहे?”

घरातली बाई स्वतःला फुकट धरते, हे काही तिनं शोधून काढलेलं नव्हतं. केसरबाईंनी तिशी-चाळिशी त्याच हिशेबात काढली होती. पण ज्योतीराम हसला नाही. त्यानं खडू घेतला आणि सगळ्याखाली लिहिलं — ‘कस्तुरा, पंधरा पैसे.’

“आता बेरीज करा.”

एक रुपया पंधरा. विक्री एक रुपया दहा.

“म्हणजे…” ती पाटीकडं बघतच राहिली. “जेवढा जास्त माल देईन तेवढी बुडेन.”

“आमीबी असंच बुडलो. लई कष्ट करून.”

चुलीपाशी बसलेल्या केसरबाई मात्र पाटीवरच्या त्या ओळीकडं बराच वेळ बघत होत्या. शेवटी पुटपुटल्या, “पंधरा पैसे फार कमी लिवलेत.”

*

कस्तुरानं भाव एक रुपया पस्तीस सांगितला तेव्हा भोसरीच्या कंपनीचे खरेदीवाले उद्धवराव खुर्चीतून पडायचेच बाकी होते. पण तिच्यासोबत आता तीन मापं होती. ती मिळवायला ती आठ दिवस दुसऱ्या शिफ्टच्या वेळी कंपनीच्या फाटकाबाहेर खडू घेऊन उभी राहिली होती. पहिल्या दिवशी लोक लाजले, तिसऱ्या दिवशी रांग लागली. “ताई, माझा बी घ्या.” “ए, याचं घेऊ नका ताई, याच्या हाताला कामाची सवय न्हाई!” एकशे सत्तर पंजे कागदावर उतरले, त्यातून तीन मापं निघाली. बोटं अडकत नाहीत आणि मोजा निसटतही नाही म्हटल्यावर उद्धवरावांनी सव्वा रुपयावरून एक पस्तीसवर येताना फक्त तीन वेळा सुस्कारा टाकला.

महिन्याला दीड हजार जोड्या. घरात चार मशिनं खडखडायला लागली. अंबुबाई, विमलबाई आणि आणखी दोघी सकाळी डबा घेऊनच यायच्या. आणि त्या पट्ट्यातल्या कितीतरी हातांवर ज्योतीरामच्या मापाचे मोजे चढायला लागले. मधल्या मापाला अंबुबाई ‘मधलं’ म्हणायच्याच नाहीत.

“कस्तुरे, बार्शीचे सहाशे कापायचे का सातशे?”

“मावशी, गप बसा.”

बार्शीवाला दर रविवारी डायला धार लावायला येत होता. आता डायला दर रविवारी धार लागत नाही. हे ज्ञानदेवांना कळत होतं, केसरबाईंना कळत होतं आणि दोघंही बोलत नव्हते. लेकीनं बँकेला काय लिहून दिलंय, ते त्यांना माहीत होतं.

एका रविवारी मात्र कस्तुराच म्हणाली, “एवढी धडपड का करता तुम्ही माझ्या धंद्यासाठी? तुमची लेथ ओस पडलीय तिकडं.”

“माझा स्वार्थ हाय त्यात,” तो डायवर कानस फिरवत म्हणाला. मान वर केली नाही.

“कसला?”

“तुमचा धंदा वाढला… तर हप्ते लवकर फिटत्याल.”

कानशीचा आवाज थांबला होता. मशिनंही नेमकी थांबली होती. अंबुबाईंनी तर सुईत दोरा ओवायचं निमित्त करून श्वासच धरला होता.

“मशिनं का थांबवलीत सगळ्यांनी?” कस्तुरा ओरडली. तिचे गाल कॅनव्हासच्या धुळीतूनही लाल दिसत होते.

*

भाद्रपदात मात्र गाडी रुतली. ऑर्डर होती, माल तयार होता, सगळं झकास चाललेलं. आणि कापडवाल्यानं हात वर केले. “दोन महिन्यांची उधारी झाली बाई, आता रोख.” कंपनी पैसे द्यायची साठ दिवसांनी. कस्तुरानं सहा हजारांतले पाच हजार पहिल्याच महिन्यात मशिनांत घातले होते.

माल घेऊन ती भोसरीत उतरली तेव्हा आभाळ फुटलं. शेडच्या दारातून ज्योतीरामनं तिला पाहिलं, पळत आला आणि अंगातला रेनकोट काढून गठ्ठ्यावर टाकला.

“अहो, तुम्ही भिजताय!”

“माल भिजला तर परत येईल. मी भिजलो तर परत जाणार न्हाई.”

दोघं शेडच्या पत्र्याखाली उभे राहिले. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. तिनं त्याला कापडवाल्याचं सांगितलं. तो ओल्या केसांतून बोटं फिरवत ऐकत राहिला.

“माझीच चूक केलीत तुमी,” शेवटी म्हणाला. “मी लेथ घेतली, तुमी मशिनं. मशीन दिसती, म्हणून तिच्यात पैसा घालावासा वाटतो. रोज आत-बाहेर करणारा पैसा दिसत न्हाई. त्याला खेळतं भांडवल म्हणत्यात.”

“खेळतं!” ती वैतागून म्हणाली. “इथं जीव चाललाय आणि पैसा खेळतो.”

“तो खेळला तरच बाकीचे जेवत्यात.” मग तो जमिनीकडं बघत म्हणाला, “माझ्याकडं आठशे हायेत. पडलेतच.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पापण्यांवरून पाणी निथळत होतं, तरी तो डोळे पुसत नव्हता.

“नको,” ती म्हणाली.

“का? परका हाय म्हणून?”

“परके नाही, म्हणून.” आणि पुढं घाईघाईनं — “ज्याचं देणं आहे त्याच्याकडूनच मागते.”

तशीच ओली ती उद्धवरावांपुढं जाऊन उभी राहिली. साठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांत पैसे द्या, बिलात शेकडा दोन रुपये सोडते, म्हणाली. उद्धवरावांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? “गरजेनं,” ती म्हणाली. उद्धवराव तयार झाले. पुढच्या आठवड्यात कापडवाल्याच्या हातावर रोख पडली, आणि त्यानं स्वतः होऊन चहा मागवला.

*

बघता बघता पंचाहत्तरचा उन्हाळा आला. एकशे पंच्याऐंशीचे चौदा हप्ते गेले, एकही चुकला नाही. उरले बावीस. म्हणजे चार हजार सत्तर. आणि कस्तुराच्या पासबुकात चार हजार शंभर होते.

हा हिशेब दोघांनीही आपापल्या घरी केला होता. त्या रविवारी ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला, तेव्हा अंबुबाई खोकल्या.

पण शनिवारीच उद्धवरावांनी नवं काढलं होतं. वेल्डिंगवाल्यांसाठी चामड्याचे मोजे हवेत. वर्षाची ऑर्डर. त्याला जड मशिनं लागणार, भाड्याची शेड लागणार, दहा बायका लागणार. खर्च वीस हजार. चार हजार स्वतःचे घातले तर बँक सोळा देईल. नाही घेतली तर मुंबईचा व्यापारी टपलेलाच होता, आणि तो साधे मोजेसुद्धा सोबत देतो म्हणत होता.

कस्तुरानं त्याला हे बस स्टॉपवर सांगितलं. ऊन रणरणत होतं. वर गुलमोहर पेटला होता.

“म्हणजे चार हजारांत एकतर जुनं कर्ज फिटेल…” ती बोलता बोलता थांबली.

“न्हाईतर नवं मिळंल,” त्यानं पुरं केलं.

“पुन्हा छत्तीस हप्ते.”

“हां.”

बस आली. दोघांची होती. कुणीच चढलं नाही. कंडक्टरनं दोघांकडं बघून घंटी वाजवली.

“घ्या नवं,” ज्योतीराम म्हणाला.

“तुम्हाला कळतंय का काय म्हणताय ते?”

“रातभर उरलेले हप्तेच मोजत हुतो. पण मुंबईवाला शिरला तर आहे तेबी जाईल. तुमी खडू घिऊन फाटकाबाहेर उभ्या ऱ्हायलाव, ते काय लग्न लवकर व्हावं म्हणून न्हाई.” त्याचा आवाज जरा फाटला. “आणि तीन वर्सांत मी कुठं जातोय… बार्शीची माणसं लई टिकाऊ असत्यात.”

कस्तुराला भयंकर राग आला. त्याचा नाही… तिच्या स्वतःच्या त्या उभ्या अक्षराचा.

“मंगळवारी बँकेत या,” ती म्हणाली. “दहा वाजता.”

“मी कशाला?”

“या म्हटलं ना!”

*

नानासाहेबांनी नवे कागद वाचले. चौदा हप्त्यांचा उतारा पाहिला. समाधानानं चष्मा काढला.

“उत्तम. हेड ऑफिसला शिफारस करतो. आता ते मागच्यासारखं लग्नाचं पत्र तेवढं…”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“मागचंही परत द्या. तेव्हा मला वाटलं, माझ्याकडं तारण ठेवायला दुसरं काहीच नाही. आता आहे. चार मशिनं, तीन मापं, वर्षाची ऑर्डर. ते लिहून घ्या. लग्न मी करणार आहे. धंदा माझ्या नावावर राहील, हप्ता माझ्या सहीनं येईल. कुणा पुरुषाला विचारलंत कधी, लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार म्हणून?”

नानासाहेबांनी काढलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“आणि नवऱ्यानं अडवलं तर?” त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं, पण आवाजात जोर नव्हता.

“तो बाहेर बसलाय. बोलावून विचारा. त्याला अजून माहीत नाही… पण विचारा.”

शिपाई ज्योतीरामला घेऊन आला. नानासाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“काय हो, या बाईंच्या धंद्याला तुम्ही अडवाल का?”

“मी?” तो गोंधळला. “मी कोण अडवणार साहेब?”

“या म्हणतात, नवरा.”

ज्योतीरामनं कस्तुराकडं बघितलं. ती समोरच्या दौतीकडं बघत होती, अगदी निग्रहानं, जणू दौत उडून जाणार होती.

“न्हाई अडवणार,” तो म्हणाला. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाला, “न्हाई साहेब.”

नानासाहेबांनी सवयीनं एक कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. “मग तेवढं लिहून द्या.”

ज्योतीरामनं लगेच पेन उचललं. कस्तुरानं त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला आणि परत टेबलावर ठेवला.

“यांच्याकडून काही लिहून घेऊ नका. ते माझं मी बघीन.”

नानासाहेब हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. फाइलीतली टाचणी काढून त्यांनी जुना कागद तिच्या हातात दिला आणि नव्या अर्जावर शिक्का उमटवला.

बाहेर उन्हात आल्यावर ज्योतीराम पाच-सहा पावलं नुसताच चालला. मग थांबला.

“आधी मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर हिशेब मांडत बसला असतात.”

“मग आता… कवा?”

“पंधराला डिलिव्हरी आहे,” कस्तुरा म्हणाली. “आपल्यात मुहूर्त बघायचा नसतो, तेवढं बरंय. सोळाला मी मोकळी आहे.”